चढावर वाजणारं फ्रीव्हील

ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. गेल्या वर्षीची, नऊ जुलैची. घड्याळात पावणेदोन वाजले होते आणि डांबर इतकं तापलं होतं की चाकाला चिकटत होतं.

जागा सांगते. दक्षिण इटलीतल्या लुकानियाच्या डोंगरातलं आमचं रोकाफोस्का गाव, आणि तिथून सेर्राच्या खिंडीकडे चढणारा जुना रस्ता. चौदा किलोमीटर. एकतीस वळणं.

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. माझ्या हनुवटीवर सात टाक्यांचा व्रण आहे. तो मी गोष्ट रंगवायला करून घेतलेला नाही.

मी दोनाता. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आधी सासऱ्यांचं होतं, मग नवऱ्याचं. नवरा सावेरिओ बावीस वर्षं जर्मनीत कारखान्यात आहे, ऑगस्टमध्ये तीन आठवडे येतो. त्यामुळे ग्रीसने हात काळे होतात ते माझेच.

खाली दरीत नवा रस्ता झाल्यापासून जुन्या रस्त्यावर गाड्या येत नाहीत. सायकलवाल्यांना तो फार आवडतो. लांबलांबून येतात, ट्यूब बदलून घेतात आणि म्हणतात, "बाई, काय शांत रस्ता आहे हो तुमचा!"

मी "हो ना" म्हणते आणि चाकात हवा भरते.

आमच्या गावातलं कोणी त्या रस्त्याने दुपारी एक ते चार जात नाही. त्या वेळेला आम्ही कोंत्रोरा म्हणतो. उलटी वेळ. जेवणं झालेली, खिडक्या लावलेल्या, माणसं आडवी झालेली. सासूबाई म्हणतात, ती वेळ जिवंत माणसांची नाही.

मी म्हणायचे, "सासूबाई, ती वेळ आळशी माणसांची आहे."

तेव्हा माझं तोंड असं चालायचं.

माझी मुलगी इलेनिया तेव्हा सतरा वर्षांची होती. चढ चढण्यात आमच्या भागात तिला जोड नव्हती. चौदा जुलैच्या रविवारी मोठी शर्यत होती. उत्तरेतल्या एका संघाची माणसं मुली बघायला येणार होती. निवड झाली असती तर पोरगी गावाबाहेर पडणार होती, तीही स्वतःच्या पायांच्या जोरावर.

जूनच्या शेवटच्या शनिवारी ती भर दुपारी घरी आली.

चालत. सायकल खांद्यावर.

कोपर सोललेलं. ओठ पांढरेफटक.

"पडलीस?"

"हं."

"सायकल बघू."

मी सायकल उलटी करून पाहिली. चाक सरळ. ब्रेक ठीक. चेन जागेवर. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

माणूस पडलं आणि सायकल पडली नाही, असं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

दोन दिवस ती सायकलजवळ फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी मी दुकानात स्पोक कसत होते, तेव्हा येऊन स्टुलावर बसली.

"आई, मी शर्यतीला नाही जाणार."

"का गं?"

"तू हसशील."

"नाही हसणार."

"शपथ घे."

"गावच्या संताची, सान रोक्कोची शपथ. बोल."

ती स्वतःच्या बुटांकडे बघत बोलायला लागली.

"एकोणिसाव्या वळणानंतर मागून... फ्रीव्हील वाजायला लागलं. टिक टिक टिक टिक."

"येत असेल कोणीतरी मागून."

"आई, चढ होता."

माझा हात तिथेच थांबला.

सायकलवाल्यांना कळलं असेल. बाकीच्यांना सांगते. पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलमधून ती टिकटिक येते. उतारावर येते. चढावर पायडल थांबवलं तर दोन क्षणांत सायकलच थांबते. पायडल न मारता, टिकटिक करत, चढावर कोणी मागोमाग येतंय...

असं होऊच शकत नाही.

"मग काय झालं?"

"मग कोणीतरी माझी सीट धरली. तू शिकवताना धरायचीस ना, तशी. चढ लागेनासाच झाला. पाय नुसते फिरत होते. ब्रेक दाबले, पण वेग कमी होईना. पुढे तो रस्त्याचा खचलेला भाग दिसला आणि मी उडी मारली."

"आणि सायकल?"

तिने बुटाची लेस सोडली, परत बांधली.

"ती थांबली नाही गं. माझ्याशिवाय वर जात राहिली. सरळ. मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा ती..."

"काय?"

"भिंतीला टेकवून ठेवली होती. नीट."

दुकानामागेच आमचं स्वयंपाकघर. सासूबाई सुक्या मिरच्या तळत होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. झारा घेऊनच बाहेर आल्या.

"सांगून सांगून माझी जीभ झिजली! कोंत्रोराला पोरीला कोणी एकटं सोडतं का? पण ऐकेल ती आमची सूनबाई कसली!"

"सासूबाई, मिरच्या जळतायत."

"जळू देत! तुझं डोकं जळलंय त्याचं काय?"

मी हात पुसले आणि कानिओकाकांकडे गेले.

कानिओकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे. तीस वर्षं ते त्या रस्त्याचे मुकादम होते. खड्डे बुजवणं, गटारं उपसणं, सगळं सायकलवरून. आता चौकातल्या बारबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चिडवतात.

"काका, जुन्या रस्त्यावर काय आहे?"

"खड्डे."

"काका, थट्टा नकोय मला."

त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"पोरीची सीट धरली का?"

मी त्यांना अजून एक शब्दही सांगितला नव्हता.

"आवाज आला की उतरायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "सायकल कडेला घ्यायची. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तो पुढे निघून जातो."

"तो म्हणजे कोण?"

"वळून बघायची हिंमत कोणाची झालीय? मी उतरायचो. डॉक्टर उतरायचे. पाद्रीबाबा उतरायचे, झगा सावरत. सगळं गाव उतरत आलंय, पोरी."

"आणि कोणी उतरलंच नाही तर?"

"एक मास्तर नाही उतरला. महिन्याभरात अर्जेंटिनाला निघून गेला. का, ते बायकोलाही सांगितलं नाही."

"अर्जेंटिनाला अर्धं गाव गेलं, काका. ते काय सगळे भुताला भिऊन गेले?"

ते हसले नाहीत.

"दोना, उतरण्यात आपलं काय जातं? दोन मिनिटं उभं राहायचं."

तिथेच माझं डोकं फिरलं.

डॉक्टर, पाद्री, मुकादम. एवढी मोठी माणसं वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आता माझ्या पोरीनेही राहायचं? आणि पुढे तिच्या पोरीने?

"मी उतरणार नाही," मी म्हटलं.

"हट्टी गाढव आहेस."

"आहे."

नऊ जुलैला जेवण झाल्यावर मी माझी जुनी सायकल काढली. इलेनिया दारात आडवी आली.

"आई, नको ना. मी शर्यतीला जाते. खरंच जाते. तू नको जाऊस."

"तू घाबरत घाबरत गेलीस तर पहिल्याच चढावर मागे पडशील. बाजूला हो."

पहिली दहा वळणं नेहमीसारखी गेली. कापलेल्या गव्हाची शेतं, धूळ, कानठळ्या बसवणारे रातकिडे. आमच्याकडे ते दिवसाच ओरडतात. घाम डोळ्यांत जात होता. मी काही इलेनिया नाही. चव्वेचाळीस वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात.

पंधराव्या वळणावर एक मेंढपाळाचं घर लागतं. तिथला कुत्रा प्रत्येक सायकलीमागे धावतो. त्या दिवशी तो कुंपणाशी बसला होता. माझ्याकडे बघत होता.

माझ्याकडे नाही... माझ्या थोडं मागे.

भुंकला नाही.

एकोणिसावं वळण आलं.

रातकिडे थांबले.

एकदम. कोणीतरी बटण बंद करावं तसे.

माझा श्वास मला ऐकू येत होता. चेनचा आवाज येत होता. आणि मग...

टिक. टिक. टिक. टिक.

मागून. वीस-पंचवीस मीटरवरून.

आवाज माझ्या कामाचा आहे. कुठलं फ्रीव्हील कुठल्या चाकाचं, मी डोळे मिटून सांगते. हे जुनं होतं, जड होतं. तेल चांगलं घातलेलं होतं. कोणीतरी त्याची निगा राखत होतं.

उतरावं असं वाटलं. खोटं कशाला सांगू? पाय आपोआप पायडलवरून सुटायला बघत होता. डावीकडे दगडी भिंत होती. तोंड तिकडे करायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, संपलं.

मी पायडल मारत राहिले.

टिकटिक जवळ आली. दहा मीटर. पाच.

मग थांबली.

आणि माझी सीट... कोणीतरी धरली.

धक्का नव्हता. हिसका नव्हता. सवयीच्या हाताने धरावी तशी धरली. त्या क्षणी चढ नाहीसा झाला. पायांवरचं ओझं गेलं. गुडघ्यांतली कळ गेली. इतकं हलकं मला लग्नाआधीपासून वाटलं नव्हतं.

खरं सांगू? मला ते आवडलं. भीती त्याची वाटली.

वेग वाढत गेला. विसावं वळण गेलं. एकविसावं गेलं. मी दोन्ही ब्रेक दाबले. रबर जळाल्याचा वास आला, पण वेग तसूभर कमी झाला नाही. पुढे बाविसाव्या वळणावर रस्ता खचलेला आहे. भिंतीला लागून हातभर पट्टी शिल्लक, बाकी सगळी दरी. तिथे सायकलवाले उतरून, सायकल धरून चालत जातात.

"सोड!" मी ओरडले.

हात होता तिथेच.

"सोड म्हणते ना मेल्या! कोण रे तू मुडद्या? तुला कोणी बोलावलंय? लग्नातसुद्धा मी माझ्या पायांनी चालत चर्चमध्ये गेले, मला कोणी ढकललं नाही. तू कोण ढकलणारा?"

माझा आवाज दरीत घुमून परत आला. खचलेली कड आता समोर दिसत होती.

मग मी जे केलं ते का केलं, मला माहीत नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक माझ्या हत्यारांना हात लावायला लागलं की मी त्याचं मनगट धरते. तसाच मी, मागे न बघता, उजवा हात मागे नेला.

आणि मनगट धरलं.

माझ्या बोटांत मनगट आलं. जाड हाडाचं, रुंद, पुरुषाचं. वर बाहीचं जाडं कापड.

आणि ते... उबदार होतं.

थंड असतं तर बरं झालं असतं. भुताचं म्हणून सोडून दिलं असतं. पण ते उबदार होतं. त्यात नाडी चालत होती. शांत, सावकाश. चढ चढणाऱ्या माणसाची नाडी अशी चालत नाही.

"माझी मी चढते," मी म्हटलं. आता ओरडत नव्हते. "आणि माझी मुलगी तिची ती चढेल. कळलं? सोड."

बोटांतलं मनगट गेलं.

सगळा चढ एका दमात माझ्या पायांवर कोसळला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. मी भिंतीच्या बाजूला आपटले आणि हनुवटी दगडावर फुटली.

दरी माझ्यापासून दीड हातावर होती.

रक्त गळ्यावरून उतरत होतं. मी उठले. रुमाल बांधला. सायकल धरून ती हातभर पट्टी पार केली आणि पुन्हा सीटवर बसले. उरलेली नऊ वळणं मी चढले. शिव्या देत, धापा टाकत. शेवटची दोन वळणं रडत.

पूर्ण रस्ता मागून टिकटिक येत होती. बरीच लांबून. पण येत होती.

खिंडीत पोचल्यावर थांबली. मग रातकिडे पुन्हा ओरडायला लागले.

घरी आले तेव्हा इलेनिया पायरीवर बसून होती. माझं तोंड बघून किंचाळली.

"किती वर गेलीस?"

"खिंडीपर्यंत."

"उतरलीस?"

"पडले," मी म्हटलं. "उतरले नाही."

त्या संध्याकाळी तिने सायकलला हात लावला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती इथे लिहिली नसती. बारमध्ये सांगून चार पेले वाईन प्यायले असते.

रविवारी शर्यत झाली. इलेनिया दुसरी आली. संघाची माणसं तिचं नाव विचारत होती, मी आनंदाने रडत होते, आणि तेवढ्यात एक पंच वही घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, तुमच्या मुलीला बाद करावं लागतंय."

"का म्हणून?"

"शेवटच्या चढावर तिला ढकललं गेलं. नियमात बसत नाही."

"कोणी ढकललं? तुमच्या मावशीने?"

"बाई, नीट बोला. मी दहा मीटरवर उभा होतो. टोपीवाला माणूस, जाड कोट. हात सीटवर."

जुलैत कोट. माझ्या बोटांना ते बाहीचं जाडं कापड आठवलं. तरी मी आवाज चढवला.

"तिच्या मागे मोटरसायकलवरून चित्रण चाललं होतं ना? दाखवा मला. दाखवा, आणि मग बाद करा."

आम्ही तीनदा पाहिलं. पूर्ण चढ. इलेनिया एकटी होती. दात आवळून चढत होती. तिच्या मागे रिकामा रस्ता.

पंचाने टोपी काढून कपाळ पुसलं.

"मी पाहिलं हो," तो पुटपुटला. "तो धावतसुद्धा नव्हता..."

"मग काय करत होता?"

"चालत होता."

त्याने वहीतली ओळ खोडली आणि निघून गेला.

इलेनियाला यातलं काही माहीत नाही. गाडीत तिने मला विचारलं, "आई, मी माझ्याच पायांनी चढले ना?"

"तुझ्याच," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पोरीचा चेहरा बघून मला ते जमलं नाही.

सप्टेंबरमध्ये ती उत्तरेला गेली. तेव्हापासून जुना रस्ता एकदम साधा झालाय. मी मुद्दाम कोंत्रोराला जाते. रातकिडे थांबत नाहीत. मेंढपाळाचा कुत्रा पोटरी फाडायला धावतो. ऑक्टोबरमध्ये कानिओकाकासुद्धा सायकल काढून चौथ्या वळणापर्यंत जाऊन आले, आणि गावभर सांगत सुटले, "दोनाने रस्ता मोकळा केला! शिव्यांनी पळवला!"

लोक मला हात उंचावून सलाम करतात. मी हसते.

पण मी त्याला फक्त सोड म्हटलं होतं. कुठे जा, ते सांगितलं नव्हतं.

काल संध्याकाळी इलेनियाचा फोन आला. खुशीत होती.

"आई, तुला एक गंमत सांगते. आमच्या पायडलला पायांची ताकद मोजायचं यंत्र असतं ना, ते माझ्या सायकलवर चालतच नाही. सगळ्या मुलींच्या बरोबरीने जाते मी, वेग तोच, आणि यंत्र ताकद निम्मी दाखवतं. तीनदा बदललं. तू असतीस तर लगेच दुरुस्त केलं असतंस."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"तिथे चढ आहेत का गं?"

"इथे कुठले चढ! सगळं सपाट. पण तेही सोडून दे आई, मी आता दमतच नाही. शंभर किलोमीटर झाले तरी दम लागत नाही. बरंय ना?"

"मागे काही आवाज येतो का?"

"कसला आवाज?" ती हसली. "मला कसला आवाज येणार? आम्ही वीस जणी असतो गं. सगळ्यांचीच फ्रीव्हीलं वाजत असतात."

मी फोन ठेवला. सासूबाई दारात उभ्या होत्या. या वेळी त्या भांडल्या नाहीत. आत गेल्या आणि वाटेसाठी पाव आणि चीज बांधून घेऊन आल्या.

उद्या सकाळच्या पहिल्या बसने मी निघतेय. सायकल बरोबर नेतेय. त्या वीस जणींच्या मागोमाग जाईन, गुडघे गेले तरी जाईन, आणि माझ्या पोरीच्या सीटमागे हात घालून ते मनगट पुन्हा धरीन.

तो कोण आहे ते मला माहीत नाही. त्याला काय हवंय तेही माहीत नाही. भीती वाटते. आज दिवसभर माझ्या बोटांना त्याची नाडी लागतेय.

पण पोरगी माझी आहे. तिला दम लागलाच पाहिजे.